पिक्सेल, इंच आणि केबी

बँकभरतीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला एक अट तोंडपाठ असते : फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. शेवटच्या तारखेची रात्र, साइट रडतखडत चाललेली, आणि मोबाइलवर काढलेला साडेतीन एमबीचा फोटो काही केल्या चढत नाही. मग कुणी तो स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून बारीक करतं, कुणी स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढतं, तर कुणी सकाळी सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजून मोकळं होतं. कॅफेवाला जे करतो ते फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत होतं. त्यात कसलीही गुप्त विद्या नाही. फोटोला तीन वेगवेगळी मापं असतात, आणि समोरचा त्यातलं नेमकं कुठलं मागतोय, एवढं कळलं की झालं.

पहिलं माप पिक्सेलचं. डिजिटल फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ४००० आणि उभे ३००० असे एक कोटी वीस लाख ठिपके असतात. दुसरं माप इंचांचं किंवा सेंटिमीटरचं. हे फोटोला मुळात नसतंच, कागद आला की ते येतं. ठिपक्यांच्या रांगोळीचंच बघा ना. तेवढेच ठिपके पाटापुढच्या वीतभर जागेत दाटीने मावतात आणि अंगणभर पसरूनही घालता येतात. फक्त अंगणात घातले की मधली रिकामी जागा डोळ्यात भरते. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके मिळाले की डोळ्याला जाळी जाणवत नाही, हा छपाईतला जुना ठोकताळा. त्या हिशेबाने ४ बाय ६ इंचांच्या प्रिंटला १८०० गुणिले १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम साडेएकवीस लाख. भिंतीवर लावायच्या ८ बाय १२ ला ३६०० गुणिले २४०० लागतात. तेही आजच्या साध्या फोनच्या आवाक्यात आहे. त्यामुळे ‘प्रिंट चांगली यावी म्हणून २०० मेगापिक्सेलचा फोन घेतला’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवावी आणि विषय बदलावा.

फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ दिसलं की काही जण धास्तावतात. तो आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली निव्वळ चिठ्ठी आहे. ठिपके ४००० गुणिले ३००० असतील, तर चिठ्ठीवर ७२ लिहा नाहीतर ३००, फोटोत काडीचाही फरक पडत नाही. छापताना किती इंचांवर छापणार त्यावर खरी दाटी ठरते.

तिसरं माप केबी-एमबीचं, म्हणजे फाइलच्या वजनाचं. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट. बारा मेगापिक्सेलची फाइल त्या हिशेबाने ३६ एमबीची व्हायला हवी. फोनमध्ये ती तीन-चार एमबीचीच असते. ही करामत जेपेगची. १९९२ साली प्रमाण म्हणून ठरलेली ही पद्धत फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधाराच्या चढउतारांची गणिती फोड करते आणि जे बारीक चढउतार डोळा फारसे टिपत नाही ते ढोबळ करून टाकते. त्या फोडीचं गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, सुचलं ते बेंगळुरूत शिकून अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या नासिर अहमद यांना. १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी वाटते, असं एका परीक्षकाचं म्हणणं पडलं. अहमद यांनी काम सोडलं नाही, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या फोनमधला प्रत्येक जेपेग फोटो त्या ‘फारच साध्या’ गणितातून जातो.

आता भरतीच्या फॉर्मकडे वळू. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी असं लिहिलेलं असतं. लोक फक्त केबी वाचतात. मग १२ मेगापिक्सेलचा अख्खा फोटो एखाद्या अ‍ॅपमध्ये घालून ५० केबीपर्यंत दाबतात. ३६ एमबीचा ऐवज ५० केबीत, म्हणजे सातशे पटींहून अधिक दाबणं झालं. ते ८ बाय ८ चे चौकोन चेहऱ्यावर उघडे पडतात आणि प्रवेशपत्रावर उमेदवार ओळखू येत नाही. उलट आधी पिक्सेल कमी केले, तर २०० गुणिले २३० चे होतात फक्त ४६ हजार ठिपके. न दाबताच ती फाइल १३५ केबीच्या आसपास भरते. तिला थोडंसं दाबलं की ती पन्नासच्या आत येते आणि चेहरा शाबूत राहतो. आधी पिक्सेल, मग केबी : हा क्रम पाळला तर निम्मी कटकट संपते.

हे करायला विंडोजवर माझी पहिली पसंती इरफानव्ह्यूला. बोस्नियातल्या यायत्से गावचा इरफान श्किल्यान व्हिएन्नात शिकत असताना त्याने हा प्रोग्रॅम लिहिला आणि १९९६ मध्ये बाहेर काढला. घरगुती वापराला तो आजही मोफत आहे, आणि दिसायला अजूनही नव्वदच्या दशकातलाच आहे. अंगावर जुने कपडे असले तरी कामाला एक नंबर. फोटो उघडा. शिफ्ट-सी दाबलं की कातरायच्या चौकटीची खिडकी येते; तिथे २०० : २३० हे प्रमाण टाका, चौकट चेहऱ्यावर नीट बसवा आणि कंट्रोल-वाय दाबून बाकीचं कातरून टाका. मग कंट्रोल-आर. रुंदी २००, उंची २३०, आणि ‘रिसॅम्पल’चा पर्याय. शेवटी एस दाबून वेगळ्या नावाने सेव्ह करताना शेजारी एक खिडकी येते, तिच्यात क्वालिटीची पट्टी असते. ती नव्वदच्या आसपास ठेवून सेव्ह करा आणि फाइल किती केबीची झाली ते बघा. जास्त असेल तर पट्टी मागे, कमी असेल तर पुढे.

कातरण्याची पायरी गाळली तर काय होतं? स्टुडिओतून आणलेला पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा असतो. त्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण २०० : २३० हून सडपातळ आहे. तो सरळ २०० गुणिले २३० वर ताणला की माणूस अंगाने सुटल्यासारखा दिसतो. अशा गालफुग्या फोटोंची प्रवेशपत्रं परीक्षा केंद्राबाहेर हमखास दिसतात.

सहीची अडचण उलटी असते. १४० गुणिले ६० पिक्सेल म्हणजे केवळ ८,४०० ठिपके, त्यातही बहुतेक पांढरे. जेपेग केलं की फाइल सहसा १० केबीच्या खालीच घसरते आणि साइट म्हणते, ‘फाइल फार लहान आहे.’ इथे क्वालिटी शंभरवर न्या. तरी भागलं नाही तर तेच प्रमाण राखून पिक्सेल थोडे वाढवा. ती पिक्सेलची अट साधारणपणे सुचवलेली असते, केबीची मात्र काटेकोर तपासली जाते. सही काळ्या शाईने पांढऱ्या कोऱ्या कागदावर करावी आणि खिडकीशी दिवसाच्या उजेडात तिचा फोटो काढावा. ट्यूबलाइटखाली वाकून काढला की आपलीच सावली सहीवर पडते.

इरफानव्ह्यू टाकायचा नसेल तर विंडोजमधला पेंटही चालतो. १९८५ च्या पहिल्या विंडोजपासून तो सोबत आहे. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला निरोप द्यायचं सूतोवाच केलं तेव्हा जगभर एवढी हळहळ झाली की लगेचच ‘पेंट राहील’ असं सांगावं लागलं. त्यात कंट्रोल-डब्ल्यू दाबून पिक्सेल बदलता येतात. दाबायची पट्टी मात्र नाही, त्यामुळे केबीवर आपला ताबा राहत नाही. ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश हे गूगलच्या क्रोम चमूचं मोफत साधन त्या बाबतीत फार सोयीचं आहे : पट्टी सरकवा, डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबलेला, आणि खाली लगेच केबी दिसतात.

स्क्वूशमध्ये फोटो आपल्याच संगणकावर राहतो, कुठे पाठवला जात नाही. फोटोपी या ब्राउझरमधल्या मोठ्या साधनाचंही तसंच आहे. ते इव्हान कुत्स्किर नावाच्या एकट्या प्रोग्रॅमरने उभं केलेलं असून फोटोशॉपच्या फायलीसुद्धा उघडतं. पण ‘फ्री फोटो रिसाइझ’ असं शोधल्यावर ज्या पंचवीस साइट समोर येतात, त्यातल्या कित्येक फाइल आपल्या सर्व्हरवर चढवून घेतात. निसर्गचित्र असेल तर ठीक. आधार कार्ड, सही, मुलांचे फोटो अशा ठिकाणी चढवू नयेत.

आयफोनवाल्यांची एक वेगळी रड असते. २०१७ पासून आयफोन फोटो हेइक प्रकारात साठवतो आणि बऱ्याच सरकारी साइट तो ओळखत नाहीत. फाइलच्या नावामागचं शेपूट बदलून जेपीजी केलं की काम होईल असं अनेकांना वाटतं. होत नाही, कारण आतला माल तोच राहतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्येच निघतात.

मुलं अमेरिकेत असलेल्या आईवडिलांना व्हिसाच्या अर्जासाठी निराळं माप लागतं : चौकोनी फोटो, ६०० ते १२०० पिक्सेल, २४० केबीच्या आत, पार्श्वभूमी पांढरी किंवा जवळपास पांढरी. चष्मा चालत नाही, २०१६ च्या नोव्हेंबरपासून तशी अट आहे. कातरायला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या साइटवरच मोफत साधन आहे. चेहऱ्यावर मात्र काहीही करायचं नाही. सुरकुत्या काढणारं ‘ब्यूटी मोड’ अनेक फोनमध्ये आपोआप चालू असतं, ते फोटो काढण्याआधी बंद करा.

ओळखपत्रांसाठी आठ पासपोर्ट फोटो एका ४ बाय ६ च्या प्रिंटवर बसतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ४ बाय ६ इंच म्हणजे १०.१६ बाय १५.२४ सेंटिमीटर. आडव्या कागदावर साडेतीन सेंटिमीटरचे चार फोटो ओळीने १४ सेंटिमीटर घेतात, साडेचारच्या दोन ओळी ९ सेंटिमीटर. चारी बाजूंना कातरीपुरती जागाही उरते. पिक्सेलच्या भाषेत एक फोटो ४१३ गुणिले ५३१ चा करायचा. इरफानव्ह्यूमधलं ‘क्रिएट पॅनोरमा इमेज’ हे खरं तर निसर्गदृश्यं जोडण्यासाठी, पण तोच फोटो त्यात चारदा टाकला की चारांची ओळ तयार होते, आणि ती ओळ दोनदा उभी जोडली की आठ. मग ‘चेंज कॅन्व्हस साइझ’मध्ये १८०० गुणिले १२०० टाकून भोवती पांढरी कड घ्यायची. लॅबवाल्याला एवढंच सांगायचं, ‘दादा, यात काही कमी-जास्त करू नका, आहे तसा काढा.’ घरी ए-फोर कागदावर काढणार असाल तर प्रिंटच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडा, आणि निघालेली प्रिंट पट्टीने मोजा.

आता घरच्या अल्बमच्या प्रिंट. इथे सर्वांत जास्त फसगत होते ती प्रमाणाची. फोनचा फोटो ४ : ३ या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३ : २. फोटो सहा इंच रुंद छापला तर त्याची उंची होते साडेचार इंच. कागद आहे चार इंचांचा. तो अर्धा इंच कुठेतरी जाणारच. यंत्र सहसा वरून पाव आणि खालून पाव इंच कापतं. लग्नातल्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच मामांचं कपाळ आणि पुढे मांडी घातलेल्या पोरांचे पाय त्यातच जातात, आणि बोल लॅबवाल्याला. त्याची काही चूक नसते. म्हणून लॅबकडे जाण्याआधी प्रत्येक फोटो आपणच ३ : २ मध्ये कातरावा, काय जावं आणि काय राहावं ते आपल्याला ठाऊक असतं, यंत्राला नाही. कडेला थोडी मोकळीकही ठेवावी, कारण कड न सोडता छापताना दोन-तीन मिलिमीटर बाहेर जातातच. आणि काहीच कापायचं नसेल तर लॅबला ‘पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो’ असं स्पष्ट सांगावं.

घरच्या प्रिंटरवर छापायचं असेल तर विंडोजमध्येच सोय आहे. हवे ते फोटो निवडा, उजवी क्लिक करा आणि प्रिंट म्हणा. विंडोज ११ मध्ये आधी ‘शो मोअर ऑप्शन्स’वर जावं लागतं. एका ए-फोरवर दोन, चार, नऊ असे फोटो बसवायचे पर्याय उजवीकडे दिसतात. खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ अशी खूण आधीपासूनच केलेली असते. हीच ती कापाकापी करणारी खूण. ती काढून टाकली की पूर्ण फोटो येतो. कागद मात्र फोटोचाच घ्या. झेरॉक्सच्या कागदावर शाई पसरते आणि काळा रंग राखाडी होतो. थोड्या प्रिंट असतील तर घरचा प्रिंटर परवडतो, पन्नास-शंभर काढायच्या असतील तर लॅबच बरी. शाईच्या डब्यांचा खर्च मांडला की हे कुणालाही पटेल.

‘स्क्रीनवर छान दिसत होता, प्रिंट काळपट आली’ ही तक्रारही नेहमीची. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त खोलीतला उजेड परत देतो. फोनची ब्राइटनेस पूर्ण ठेवून फोटो सुधारला की तो मुळात आहे त्याहून उजळ भासतो. ती निम्म्यावर आणा, मग फोटो बघा आणि सावल्या थोड्या उघडा. त्यासाठी फोनवर स्नॅपसीड पुरतं. २०११ मध्ये निक सॉफ्टवेअरने काढलेलं हे अ‍ॅप पुढच्याच वर्षी गूगलने घेतलं आणि मोफत करून टाकलं. त्यात ‘ट्यून इमेज’ उघडून शॅडोज थोडे वाढवले की मांडवाखालचे चेहरे दिसू लागतात. ‘हीलिंग’ने भिंतीवरची वायर बोटाने पुसता येते. तिथले तयार फिल्टर टाळावेत, असं माझं स्पष्ट मत. दोन वर्षांनी ते फोटो त्या फिल्टरचे वाटतात, आपल्या घरचे वाटत नाहीत.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांना गिम्प आहेच. बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम आज पूर्ण मोफत आणि खुला आहे. २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. लग्नपत्रिकेपासून जुना फाटलेला फोटो जोडण्यापर्यंत सगळं त्यात होतं, पण शिकायला महिना-दोन महिने द्यावे लागतात. नुसता फोटो बारीक करायला गिम्प उघडू नये.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो छापायला देऊ नये, हे सगळे सांगतात. कारण कमी जण सांगतात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत खाली आणली जाते आणि वर तो पुन्हा दाबला जातो. ४ बाय ६ ला ते कसंबसं चालून जातं, ८ बाय १२ ला नाही. पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ सांगितलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते. तिच्याबरोबर फोटो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही येऊ शकतात, तेवढं भान असू द्या. गंमत म्हणजे हाच १६०० पिक्सेलचा फोटो चौकातल्या दहा फुटी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खपून जातो. तिथे इंचाला जेमतेम १३ ठिपके पडतात, पण बघणारा रस्त्यापलीकडे असतो.

लहान फोटो मोठा करून मिळेल का? मिळत नाही. जे ठिपके टिपलेच गेले नाहीत ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी नवी साधनं, अगदी अपस्केलसारखं मोफत साधनसुद्धा, नवे ठिपके अंदाजाने रचतात. डोंगर, झाडं, वाडा यांना ते खपतं. आजोबांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या धूसर फोटोवर ते चालवलं की नाक-डोळे रेखीव होतात, आणि ते आजोबांचे राहत नाहीत. अशा वेळी जुनी प्रिंट पुन्हा नीट टिपणं कितीतरी चांगलं. अल्बममधून ती बाहेर काढून स्कॅनरवर ठेवा. स्कॅनर नसेल तर गूगलच्या फोटोस्कॅन अ‍ॅपने चार कोपऱ्यांतून टिपा. चकचकीत कागदावरची चमक ते चार फोटोंतून वगळतं. स्कॅन करताना ६०० डीपीआय ठेवलं तर जुन्या प्रिंटची दुप्पट मोठी प्रतही स्वच्छ निघते. इथे डीपीआय ही नुसती चिठ्ठी नाही, प्रत्यक्ष किती ठिपके टिपायचे ते ती ठरवते.

जेपेग उघडून, थोडा बदलून त्याच नावाने सेव्ह केला की दर वेळी तो पुन्हा दाबला जातो आणि थोडा झिजतो. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, त्याला हात लावू नका, सगळे प्रयोग प्रतीवर करा. लॅबला पेन ड्राइव्ह द्यायचा तर त्यावरही फक्त कातरलेल्या प्रती असू द्या. आणि शंभर प्रिंट टाकण्याआधी दोन काढून बघा : एक उन्हातला फोटो, एक घरातल्या दिव्याखालचा. त्या पसंत पडल्या तरच बाकीच्या अठ्ठ्याण्णव टाका.